काकांच्या खाटेखालची चप्पल

शिवप्रिया बाळा,

झाडावरून पडून मणका मोडल्यापासून तुझे काका खाटेवरच हायेत. तुम्ही तिघं विद्यार्थी मुरूम गावी आलात, तुम्ही शोधताय त्या मणक्याच्या औषधाला लोकांनी पैशाची मदत करावी म्हणून त्यांचा व्हिडिओ काढून गेलात. त्याआधी ते व्हीलचेअरवर बसून किराणा दुकान सांभाळायला तयार झाले होते. तुम्ही गेल्यावर म्हणाले, "घाई काय हाय?" तू त्यांना औषधाच्या आशेला लावलंस म्हणून मला तुझा लई राग आला.

काल धीर करून म्या सांगितलं, "अवं, ते औषध अजून उंदरांवरच चाललंय. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील."

"ठाऊक हाय. पोरीनं मला आधीच सांगितलंय," ते म्हणाले. "पर तू नवी चप्पल आणून खाटेखाली ठेवलीस. मी खुर्चीत बसलो असतो तर तुझी आशा मोडली असती."

चप्पल म्याच आणली होती, व्हय. म्या ती खाटेखालनं काढून पिशवीत घातली.

आज ते दुकानात बसलेत. म्या चप्पल परत द्यायला बाजारात गेले अन् तशीच घेऊन माघारी आले.

तुला रागवावं का 'पोरी, लवकर कर' म्हणावं, उमजंना. म्हणून ही चिठ्ठी टाकत न्हाय.

तुझी गोंधळलेली काकू,
शरणम्मा