खोलीचा आवाज

२ एप्रिल, मंगळवार

आज कॉलेजच्या जेवणघरातून पट्ट्यावर, धुवायच्या ट्रेमध्ये काय काय आलं! अर्धवट खाल्लेले बर्गर, एक मोजा, आणि बटाट्याच्या लगद्यात खुपसलेली, माइकवर चढवतात ती काळी स्पंजची टोपी. माझ्या जोडीला काम करणाऱ्या रोसाल्बाला वाटलं उंदीर. अशी किंचाळली की बाहेरची रांग गप्प झाली. मी चिमट्याने उचलली, धुतली, खिडकीत वाळत घातली.

संवादशास्त्रवाल्यांचीच असणार. बाकीची पोरं जेवतात तरी. ही आधी जेवणाचा फोटो काढतात, मग जेवणाबद्दल बोलतात, मग ते गार झालं म्हणून माझ्याकडे पाठवतात. संवादशास्त्र! बोलायला शिकायला चार वर्षं! मी आठवीत शाळा सोडली. माझं बोलणं कळलं नाही अशी तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

ही वही माझ्या नातीची, मॅरेनची; तीही त्यांच्यातलीच. त्यांच्या प्रोफेसर टिल्डनने गृहपाठ दिला होता — घरच्या एकाने आठवडाभर काय पाहिलं, काय ऐकलं ते रोज लिहायचं. टीव्ही, रेडिओ, तसलं. मी लिहिलं : पाहिलं — भांडी. ऐकलं — भांड्यांचं मशीन. सात दिवस तेच. टिल्डनने खाली शेरा मारला, 'विलक्षण प्रामाणिक!' गाढव. ती पानं फाडून दिली, वही उरली. कोरे कागद टाकवत नाहीत.

४ एप्रिल, गुरुवार

मॅरेन दुपारी आवाज भरायचं यंत्र घेऊन आमच्या वाफेत. कॉलेजच्या रेडिओसाठी 'किचनमधली माणसं' करतेय. शनिवारपासून माध्यमांचा सप्ताह, मोठमोठे पत्रकार येणार, त्यांना ऐकवायचंय.

"आजी, तू इथे किती वर्षं आहेस?"

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे गं! तू सांगायचंस."

सांगितलं. अठ्ठावीस. इथे नोकरी असली की घरच्या मुलाला फी माफ, आणि हिची आई निघून गेल्यापासून कागदावर हिची पालक मीच. ते नाही सांगितलं. गुडघे केव्हाच सांगताहेत घरी बस म्हणून. अजून एक वर्ष — पोरीच्या हातात पदवी पडली की मशीन आणि मी, दोघी भंगारात.

मग म्हणाली, "आता मिनिटभर सगळे गप्प. मशीन बंद."

"का?"

"खोलीचा आवाज घ्यायचाय."

"बोलतंय कोण?"

"कुणीच नाही. तेच तर घ्यायचंय! तुकडे जोडताना मधे तो घालावा लागतो. नाहीतर ऐकणाऱ्याला भोक पडल्यासारखं वाटतं. प्रत्येक खोलीचा वेगळा असतो."

गप्प उभे राहिलो. नळ ठिबकत होता. रोसाल्बाला हसू आवरेना, तिने एप्रन तोंडात कोंबला. कुणीही न बोललेलं भरून नेतात आणि त्याला शिक्षण म्हणतात!

६ एप्रिल, शनिवार

पत्रकार आले. काळे कपडे, गळ्यात मफलर, प्रत्येकाच्या तोंडी 'गोष्ट'. याची गोष्ट, त्याची गोष्ट. सूप आणून ठेवलं तर एक म्हणतो, या सुपाची गोष्ट काय? डब्यातलं आहे, म्हटलं. फार हसला. मी विनोद केला नव्हता.

वाढायला मी आणि रोसाल्बा. टीव्हीवरची सिबिल क्रॉसलँड उभी राहून पोरांना सांगत होती, "ज्यांना आवाज नाही, त्यांचा आवाज व्हा!" बसता बसता वापरलेला रुमाल माझ्या हातात दिला. बघितलंसुद्धा नाही. खुंटीला अडकवतात तसा.

आणि मग ओस्ट्रँडर, कॉलेजचा खजिनदार. शेजारच्या विश्वस्ताला सांगत होता. माझा हात दोघांच्या मधे, कॉफी ओतत. "जुलैपासून किचन बाहेरच्या कंपनीला. नव्या मुलांची फी-माफी बंद. आत्ता शिकताहेत त्यांची चालू ठेवू, आईबाप नोकरीत टिकले तर. पदवीदानापर्यंत वाच्यता नको."

एक थेंबही सांडला नाही माझा.

रोसाल्बा टेबलाच्या पार त्या टोकाला पावाच्या टोपलीपाशी होती. तिने ऐकलं नाही. तिच्या लेकीला, इत्झेलला, ऑगस्टची जागा मिळाली आहे इथे. प्रवेशाचं पत्र तिने आमच्या नोटिसबोर्डवर लावलंय, चार टाचण्या मारून.

संध्याकाळी जेवताना मॅरेनला सांगून बसले. रागात माणूस बोलतो. मग भान आलं. "हे कुठे काढायचं नाही हं. ते तुमचं काय ते — ऑफ द रेकॉर्ड."

"आजी, ते आधी म्हणायचं असतं. नंतर म्हटलेलं धरत नाहीत."

हसत म्हणाली. मीही हसले. म्हातारी मूर्ख!

८ एप्रिल, सोमवार

काढलं कारटीने! दुपारच्या बातम्यांत, कॉलेजच्या रेडिओवर. कंपनी, जुलै, फी-माफी, सगळं. 'किचनमधल्या एका व्यक्तीने सांगितलं.' आम्ही अकरा जण आहोत किचनमध्ये, अकरा हजार नाही.

घरी आल्यावर तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. उभी राहून ऐकलं तिने. मग म्हणाली, "इत्झेलने दुसऱ्या दोन कॉलेजांना नाही म्हणून कळवायचं पत्र लिहून ठेवलंय. परवा टपालात टाकणार होती. मी गप्प बसू?"

"हो!" म्हटलं. "तुझी फी-माफी चालू राहतेय ना? गप्प बस!"

असं बघितलं माझ्याकडे, मी ओस्ट्रँडर असल्यासारखं.

"तुझं नाव मरेपर्यंत सांगणार नाही," म्हणाली. उपकारच!

९ एप्रिल, मंगळवार

एकेकाला बोलावलं. ओस्ट्रँडरच्या खोलीत गालिचा एवढा जाड की पावलं वाजत नाहीत. म्हणाला, "वर्ना, शनिवारी तू वाढत होतीस. काही कानावर पडलं?"

"मशीनपाशी अठ्ठावीस वर्षं गेली साहेब. मला ऐकूच कमी येतं."

"रेडिओवरची ती पोर तुझी नात ना?"

"काय म्हणालात?"

पुन्हा विचारलं नाही त्याने. मोठ्याने बोलायला लाजतात ही माणसं.

१० एप्रिल, बुधवार

आता टिल्डनचा तमाशा. तीन वर्षं पोरांना 'सत्य, सत्य' म्हणून पिंगा घालणारा माणूस! कॉलेजने 'निव्वळ अफवा' असं पत्रक काढलं तसा हा फिरला. मॅरेनला म्हणाला, "शुक्रवारपर्यंत नाव सांग, नाहीतर बातमी मागे घे. समजून घे, पाहुणे आहेत." आणि सिबिल क्रॉसलँड, जी सोमवारी म्हणाली होती, पोरीत कणा आहे, उन्हाळ्यात माझ्याकडे कामाला ये — ती म्हणाली, "एका बिननावी माणसावर बातमी उभी राहत नाही, गोड मुली. नाव मिळालं की फोन कर."

मॅरेनने दोघांनाही नाही म्हटलं. रेडिओची किल्ली काढून घेणार आहेत.

घरी येऊन भाजलेलं सँडविच खाल्लं, माझं ताट विसळलं, झोपायला गेली. बडबड शिकवणाऱ्या खात्यात ही गप्प बसायला कुठे शिकली?

११ एप्रिल, गुरुवार

रोसाल्बाला घरी बसवलं. 'चौकशी होईपर्यंत.' शनिवारी वाढायला ती होती, तिची पोर ऑगस्टमध्ये येणार होती — झालं, पटलं त्यांना. जाताना तिने नोटिसबोर्डवरचं पत्र काढून घेतलं. चारही टाचण्या परत बोर्डाला नीट टोचून ठेवल्या.

मला म्हणाली, "वर्ना, मी खरंच काही ऐकलं नव्हतं गं. तू तरी सांग ना त्यांना."

म्हटलं, "मशीन चालू आहे, ऐकू येत नाही."

मशीन बंद होतं.

१२ एप्रिल, शुक्रवार

पाहिलं — रोसाल्बाचा एप्रन, खुंटीवर. ऐकलं — काही नाही.

१३ एप्रिल, शनिवार

सकाळी मॅरेनला उठवलं. म्हटलं, यंत्र घे.

"किल्ली घेतली त्यांनी."

"मग इथेच. ओट्यापाशी. नाव मिळालं की फोन कर म्हणाली ना ती टीव्हीवाली?"

तिला कळलं. "आजी, माझी फी-माफी जाईल. तुझी नोकरी जाईल."

"सोमवारी दुसरी बघीन. तू लाल दिवा लाव."

लावला. मी म्हटलं, "आधी सांगायचं असतं ना? मग आधीच सांगते. हे सगळं नावानिशी. मी वर्ना हुडाक. भांडी धुते, अठ्ठावीस वर्षं. ओस्ट्रँडरसाहेबांच्या कपात कॉफी मी ओतत होते. रोसाल्बा पावाच्या टोपलीपाशी होती, टेबलाच्या त्या टोकाला. आता ऐका." आणि सांगितलं, शब्दाला शब्द.

संपलं तसं ती नाक ओढत दिवा विझवायला गेली. मी मनगट धरलं.

"थांब. खोलीचा आवाज राहिला."

मिनिटभर दोघी गप्प बसलो.