ताकदीची सलाईन

३ मार्च
वैजनाथने परत आमच्या दोन शेतांमधला धुरा कोरला. या वेळी ट्रॅक्टरने. शेजारी शेत आहे म्हणजे माझी जमीन त्याच्या बापाची झाली काय? ठरलं. रविवारी त्या धुऱ्यावरच त्याचं थोबाड फोडायचं. उजव्या हाताने. काठी नको, काठी भित्रे घेतात.

४ मार्च
हळद शिजवून अंग मोडून आलंय. अशा अंगाने थोबाड फुटत नाही. तांड्यावर येतो त्या गुलाबचंदकडून ताकदीची सलाईन लावून घेतली. पिवळी. पिवळी म्हणजे स्ट्राँग. तो खरा डॉक्टर नाही असं संगिता म्हणते. बायको आहे, बोलणारच. शनिवारी दुसरी बाटली आहे, म्हणून त्याने सुई हातातच ठेवली, वरून चिकटपट्टी. पुन्हा टोचायची तकलीफ नको. हुशार माणूस.

५ मार्च, सकाळी
हात भरला! मनगटापासून कोपरापर्यंत. डाव्याशेजारी धरून पाहिला, दीडपट आहे. ताकद उतरली. ठणकतो, पण एवढी ताकद मावायला जागा लागणारच. संगिता म्हणते ही सूज आहे, वसमतला दवाखान्यात चला. रविवारनंतर बघू म्हटलं.

६ मार्च
हात लाल, तापलेला. रागाने असेल. संगिता सुई काढा म्हणून मागे लागली, तर ताट भिरकावलं. डाव्या हाताने. उजवा राखून ठेवलाय. गुलाबचंद फोनवर म्हणाला, गरम विटेने शेका, हळद लावा. हळदीला आपल्याकडे काय तोटा! लेप देऊन पडलो. वैजनाथचे कोणते दात पाडावेत याचा विचार केला. पुढचे.

७ मार्च
भर मार्चमध्ये थंडी वाजतेय. गुलाबचंद बाटली घेऊन आला, हात पाहिला, सुई उपटली आणि निघाला. शिरड शहापूरला अर्जंट पेशंट आहे म्हणे. आता त्याचंही थोबाड फोडायचं. लिस्ट वाढतेय. शर्टाची बाही चढेना, फाडून घेतली. पेन बोटांत धरवत नाही. बोटंसुद्धा ताकदवान झालीत. उद्या वैजनाथ मेला.

१२ मार्च, नांदेड, सरकारी दवाखाना
डाव्या हाताने लिहितोय.
रविवारी गेलो. वैजनाथ धुऱ्यावर काठी घेऊन उभा होता. भित्रा. मी शिवी दिली आणि उजव्या हाताने एक हाणली. गालावर बराबर बसली, पण ओरडलो मी. हात फुटला. पू, रक्त, सगळं त्याच्या पांढऱ्या शर्टावर. शर्ट कायमचा गेला, एवढं तरी झालं. त्याने काठी टाकली.
“रणजीत, हात सडून राहिला तुहा. मला काहून मारतूस?”
मग त्याचीच मोटारसायकल. पुढे तो, मधे मी, मागून संगिताने मला धरलेलं. रस्ताभर ती रडत होती. मी शिव्या देत होतो म्हणे.
डॉक्टरांनी हात कोपरापर्यंत चिरला. वाचला. रोज येऊन म्हणतात, मूठ वळा. आजही तीन बोटं हलली नाहीत. रुसली असतील. हळद पसरलीय अंगणात, नांगरट राहिलीय, आणि मूठ वळत नाही. भीती वाटते.
दुपारी वैजनाथ डबा घेऊन आला. मला एका हाताने भाकरी मोडेना. त्यानेच मोडली, वरणात कुस्करून दिली. खाताना त्याचा गाल जवळून पाहिला.
साधी सूजसुद्धा आलेली नाही.