आठचा मिस्ड कॉल

कोपरी, रविवार

प्रिय दादूस,

पाकिटावर माझं अक्षर बघून फाडून टाकू नकोस. आधी वाच, मग काय तो राग काढ. फोनच करणार होते, पण तुझं नाव स्क्रीनवर आलं की बोट पुढे जात नाही. सात महिने झाले बघ.

परवा हॉस्पिटलात चेकअपला गेलेले. तिथे शिवानी म्हणून एक मुलगी फॉर्म भरून घेत बसलेली. किडनी बदललेल्या पेशंटला स्वतःची काळजी घ्यायला घरचं कोण किती मदत करतं, ते मोजतेय. अगदी मार्क देऊन! गोळ्यांची आठवण कोण करतं, वजन-बीपी वहीत लिहिलं का ते कोण विचारतं, पाणी किती प्यायलात. प्रत्येकापुढे ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’, ‘नेहमी’. मी सगळीकडे ‘नेहमी’वर खूण केली. मदत करणाऱ्याचं नाव तुझंच, बॉस्को, नातं भाऊ. पैकीच्या पैकी मार्क. ती म्हणाली, ताई, नशीबवान आहात. मी आपली हसले.

आपल्या दोघांच्या ऑपरेशननंतर तुला माझ्याआधी घरी सोडलं, आणि शहाडला पोचल्या पोचल्या तू नियम काढलास. सकाळी आठ, रात्री आठ, तुझा मिस्ड कॉल. गोळी घेतली की मी तो कापायचा, उचलायचा नाही. चार वर्षं एक दिवस चुकला नाहीस. दुकानात मोटार उघडून बसलेला असलास, हात काळे असले, तर कोपराने बटण दाबायचास म्हणे. वहिनी सांगायची. एकदा मी आंघोळीत होते, कापला नाही, तर दीड तासात तू दारात, पायात दोन वेगळ्या चपला. किती चिडवलेलं मी तुला! आता त्या चपला आठवल्या की हसू येत नाही. तुझी आठवण येते. खूप येते रे.

सणाच्या जेवणात तू माझ्या हातातलं ताट ओढलंस, कच्चं सॅलड घेतलेलं म्हणून. चूक माझीच होती, डॉक्टरांनी शंभरदा बजावलेलं. पण वीस माणसं बघत होती आणि माझी जीभ सुटली. किडनी दिलीस म्हणून पोटपण तुझं झालं काय, म्हणाले. ताट खाली ठेवलंस आणि निघून गेलास. दुसऱ्या दिवशी आठ वाजले, फोन वाजला नाही.

अलार्म लावलाय मी, नाही असं नाही. तो वाजतो, मी बंद करते, गोळी हातात घेते आणि फोन समोर ठेवून बसते. आज येईल. सव्वाआठ होतात, साडेआठ होतात. मग गोळी डबीवर ठेवून डाळ बघायला उठते. कधी दहाला आठवतं, कधी थेट दुसऱ्या सकाळी. या गोळीची वेळ चुकली तर अंग दुसऱ्याची किडनी नाकारतं, ते तुला माझ्यापेक्षा पाठ. रक्तातलं एक पॉइंट दोनचं क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ झालंय, म्हणजे किडनी थकायला लागलीय. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकतात का? मी चक्क नाही म्हटलं. बाहेर बाकावर बसले आणि रडू फुटलं. तू तुझ्या अंगातलं काढून दिलंस, आणि मी रुसून ते घालवत बसलेय.

तशीच उठून परत आत गेले. डॉक्टरांना खरं सांगितलं. ते ओरडले, पुढच्या सोमवारी पुन्हा रक्त द्यायचंय. शिवानीला म्हटलं, माझा फॉर्म खोटा आहे. तिने नवा दिला. या वेळी सगळीकडे ‘कधीच नाही’ लिहिलं, मार्क शून्य. फॉर्मचं दुसरं पान मदत करणाऱ्याने भरायचं असतं. ते या पाकिटात घातलंय. तुझं नाव मी लिहिलेलं नाही, लिहायला तोंड राहिलं नाही. लिहायचं तर तूच लिही. नाही लिहिलंस तरी उद्यापासून अलार्म झाला की गोळी पोटात, वाट बघणार नाही, तुझी शपथ. त्या दिवशी बोलले त्याची माफी माग म्हणालास तर शहाडला येऊन मागेन. फक्त एकदा आठला रिंग दे. मी उचलणार नाही, कापेन.

तुझीच,
जोविटा