पात्यांवरील चार हजार वर्षांच्या खुणा घासून काढल्याबाबत

प्रति,
मा. सहायक संचालक,
गोदाकाठ पुरावस्तू संग्रह,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : शाइस्ता दाऊद बागवान, संशोधक, रा. पुंडलिकनगर.

विषय : उरलेल्या तीन पेट्यांना ब्रश न लावणेबाबत.
संदर्भ : "संख्या पूर्ण असल्याने तक्रार निकाली" हे आपले दि. १२ मार्चचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार गेली चार वर्षे बिडकीनजवळच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडलेल्या दगडी पात्यांवरील वापराच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली तपासत आहे. गहू कापला की धारेवर एक चकाकी चढते, कातडे खरवडले की वेगळी. हत्यार कुणी, कशासाठी, कसे चालवले ते त्यावरून कळते. नुसता दगड रस्त्यावरही मिळतो, हे साहेबांना सांगण्याची वेळ यायला नको होती.

२. ताडून पाहण्यासाठी अर्जदाराने स्वतः बोटे कापून घेत नवी पाती घडवली, विळ्यात बसवली आणि बिडकीनच्या शेतकरी आवडाबाईंनी त्या विळ्याने तीन दिवस गहू कापला. आवडाबाई डावखुऱ्या. त्यांच्या पात्यावर चकाकी उलट्या अंगाला चढली. पांढरीतल्या एकशे अठरा पात्यांपैकी तशी उलटी चकाकी एकाच पात्यावर होती, क्रमांक ४७. ते पाहून आवडाबाई म्हणाल्या, "अगं बया, ही बी माझ्यावानी डावरीच व्हती व्हय! हिला बी मायनं हातावर चटका दिला आसंल." त्या दिवशी अर्जदाराला रडू आले, हेही नमूद करण्यात येते. या खुणांची छायाचित्रे घेण्याची परवानगी मात्र अकरा महिने आपल्या टेबलावर पडून आहे.

३. फेब्रुवारीत पाहुणे येणार म्हणून भांडारपाल साहेबरावांनी सगळी पाती तारेच्या ब्रशने आणि भांड्यांच्या पावडरीने घासली. त्यांच्यासोबत सापडलेला हाडाचा टोचा वास मारतो म्हणून उकळला. जाब विचारता म्हणाले, "लई मळ व्हता मॅडम. आता बघा, आरशावानी झालंय." साहेबराव हुकमाचे ताबेदार. त्यांच्यावर राग नाही. हुकमावर सही आपली आहे.

४. आता आपण कळवता की ११८ पाती होती, ११८ आहेत, सबब नुकसान नाही. वर "स्वच्छतेमुळे अभ्यास सुकर झाला" असा दाखलाही अर्जदाराकडेच मागता. जखमेवर मीठ चोळायचे आणि मिठाची पोचही मागायची, ही कुठली रीत?

५. तरी दाखला जोडला आहे. पाती पुन्हा तपासली. सर्व ११८ वर एकसारखे ओरखडे आणि लोखंडाचे कण आढळले. निष्कर्ष : वापरणारा उजव्या हाताचा, साधन तारेचा ब्रश, काळ चालू आर्थिक वर्ष. क्र. ४७ वर डाव्या हाताची खूण उरलेली नाही.

६. त्याच पांढरीतल्या, अजून न तपासलेल्या हत्यारांच्या उरलेल्या तीन पेट्या सोमवारी, दि. २४ रोजी घासायला काढणार असे समजते. तो हुकूम त्याआधी लेखी रद्द व्हावा. न झाल्यास अर्जदार पेट्यांवर येऊन बसेल, मग उठवून दाखवावे.

७. त्याच सोमवारी आवडाबाई आपली नात मोनिका हिला घेऊन येत आहेत. मोनिका सात वर्षांची, डावखुरी. डाव्या हाताने घास उचलला की घरात तिच्या हातावर फटका बसतो. तिच्यासारखी डावखुरी बाई चार हजार वर्षांपूर्वीही होती, हे आजीला तिला क्र. ४७ वर दाखवायचे आहे. खूण गेली हे त्यांना सांगायला अर्जदाराची जीभ रेटत नाही. तरी साहेबांनी त्या वेळी जातीने हजर राहून, संख्या पूर्ण आहे, हे मोनिकाला समजावून सांगावे.

आपली, अजून तरी नम्र,
शाइस्ता दाऊद बागवान
दि. १८ मार्च २०२५

सोबत :
१) मागितलेला दाखला
२) छायाचित्रांच्या परवानगीसाठीच्या अर्जाची प्रत, पाचव्यांदा