आरशाची उजवी बाजू

बाबा, तुमची अर्धी राहिलेली आरशाची चौकट मी पूर्ण करायला घेतली आहे. आईनं नॉटिंगहॅमचं घर विकलं, माझ्याजवळ फ्लॅट घेतला आणि म्हणाली, "अगं, फिनिश कर ना ती. लाउंजमध्ये लावू. त्यांचे शेवटचे चांगले दिवस आहेत त्यात." इतकी वर्षं ती चौकट माझ्या वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकून आहे. डावीकडे तुम्ही कोरलेली पानं, उजवीकडे कोरं लाकूड.

जुन्या युरोपीय बरोक नक्षीच्या छापील चित्रात दोन बाजू मुद्दाम वेगळ्या असतात, कारागिराला एकाच कागदात दोन नमुने मिळावेत म्हणून. तुमच्या हाताखाली कोरीवकाम शिकत असताना मी दोन्ही जशाच्या तशा कोरल्या, तेव्हा केवढे चिडला होतात तुम्ही. "मेन्यूवर आहे म्हणून सगळं मागवतेस का? एक बाजू निवड, तीच उलटवून दुसरीकडे घे." संग्राहक ती चित्रं काचेमागे जपतात. आपण त्यांच्या फोटोकॉपीला सुईनं भोकं पाडतो, कोळशाची पूड चोळतो आणि नक्षी लाकडावर उतरवतो. याचा तुम्हाला कोण अभिमान.

या चौकटीच्या नक्षीची फोटोकॉपी तुम्ही तिच्या पाठीलाच चिकटवून ठेवली होती. काल ती सोडवून खिडकीसमोर धरली, तर भोकं दोन्ही बाजूंना. उजवीकडची वेगळी नक्षीही तितक्याच काळजीनं टोचलेली, हात कुठेही चुकलेला नाही. त्याचीच मला भीती वाटते. हात शाबूत आणि नियम तेवढा विसरलेला, असं तर नव्हतं? डॉक्टरांनी तुमच्या विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं ते बरंच नंतर. पण ही चौकट कोरत होतात त्याच दिवसांत एकदा तुम्ही शेजारच्या बाकावरून विचारलं होतंत, "कुठली बाजू घेतली गं आपण?" मला वाटलं, माझी परीक्षा घेताय. "डावी, बाबा," म्हणाले आणि पटाशीला धार लावत राहिले.

की ठरवून केलंत? जन्मभर पाळलेला नियम एकदा मोडून बघावासा वाटला? तसं असेल तर मी तुमच्यावर उगीच संशय घेते आहे. नसेल, तर आईचे ते चांगले दिवस चांगले नव्हतेच.

मी उजवी बाजू तुमच्या भोकांबरहुकूम कोरते आहे. आज आई बघायला आली. "दोन्ही वेगळ्या का गं?"

"बाबांना तशाच हव्या होत्या."

"होतेच ते हट्टी," ती म्हणाली आणि कितीतरी वेळ नव्या पानांवरून बोट फिरवत राहिली. खूश होती. तिला यातलं काही सांगणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तिला मी जे सांगितलं ते मला खरं वाटत नाही, बाबा.