हात बसला आहे

३ जानेवारी
परदेशात हव्या असलेल्या कुशल कामगारांच्या यादीत 'प्लास्टर करणारा' हे शब्द आज स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. एकोणिसाव्या नंबरवर. म्हणजे एक अख्खा देश माझी वाट बघतोय आणि मला पत्ताच नव्हता.
संकल्प: रोज पाचला उठणे. रोज तीस इंग्रजी शब्द. जाण्याआधी घरची कामं उरकणे.
बायकोनं लगेच स्वयंपाकघराच्या भिंतीची आठवण करून दिली. पाइप बदलताना फोडली होती, चार वर्षं झाली, विटा अजून उघड्याच आहेत. म्हटलं, जाण्याआधी नक्की.

४ जानेवारी, सकाळी ९.४०
पाचला उठलो नाही. पण तिकडे आत्ता पाचच्या आसपासच असेल. तिकडच्या वेळेची सवय आतापासून लागलेली बरी.

१२ जानेवारी
मुकादमाकडे अनुभवाचा दाखला मागितला. त्यानं दोन ओळी खरडल्या: 'सदर इसम वीस वर्षे आमच्याकडे प्लास्टर करतो. काम ठीक.'
ठीक म्हणे. कागद घरी आणला आणि मजकूर स्वतः बनवला: 'गेली वीस वर्षे सदर इसमाचा प्लास्टरमध्ये हात बसला आहे.' वाक्याला वजन आहे. मुकादमानं न वाचता सही ठोकली. मुलगी म्हणाली, बाबा, साधं लिहा, याचं भाषांतर व्हायचंय. कालची पोर मला मराठी शिकवते.

१९ जानेवारी
भाषांतर करणाऱ्या बाईंचा फोन. 'हात बसला' म्हणजे नेमकं काय, असं विचारत होत्या. घसा बसतो, धंदा बसतो, हे त्यांना माहीत होतं.
मी म्हणालो, "बाई, बसला म्हणजे कायमचा बसला. आता उठायचा नाही."
त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "वीस वर्षं?"
"वीस वर्षं. आणि त्याच हातावर घर चालवलं."
'काळजी घ्या हो,' असं तीनदा म्हणून बाईंनी फोन ठेवला. कामाची कदर करणारी माणसं अजून शिल्लक आहेत.

२३ जानेवारी
भाषांतर आलं. मुलगी तपासून देते म्हणाली. तिला दिलं नाही. स्वतः तपासलं. शब्द लांबलांब आहेत, म्हणजे चांगलंच असणार. अर्ज दाखल.

२ फेब्रुवारी
काम सोडलं. मुकादम सात मजल्यांच्या नव्या इमारतीचं काम घेतोय. मी तिसऱ्या मजल्यावर असताना बोलावणं आलं तर? काम अर्धवट टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून सुरूच केलं नाही. मुकादम म्हणाला, जाशील तेव्हा जा, तोवर थापी धर. त्याला दूरचं दिसत नाही.
तोपर्यंत बायकोच्या शिवणावर भागेल. तिला सांगितलं तेव्हा तिनं शिवणयंत्रात नवा दोरा ओवला. पटलेलं दिसतंय.

१७ फेब्रुवारी
कालपर्यंत अर्जाच्या वेबसाइटवर 'अर्ज मिळाला' असं होतं. आज 'प्रक्रियेत आहे.' म्हणजे वरच्या साहेबांनी जातीनं लक्ष घातलं. दिवसातून चारदा बघायचं ठरवलंय.

१८ फेब्रुवारी
अकरा वेळा बघितलं.

६ मार्च
भिंतीचा विषय पुन्हा निघाला. अडचण अशी की थापी, प्लास्टरचा रंधा, ओळंबा सगळं प्रवासाच्या बॅगेत भरून माळ्यावर ठेवलंय. बॅग उघडली की परत भरावी लागणार. बायको म्हणाली, मी भरून देते. तिला पद्धतशीर कामाचं महत्त्व कळत नाही.

२८ एप्रिल
इंग्रजी शब्द, एकूण: ४१. त्यातले नऊ आधीच येत होते.
हाताला पूर्ण विश्रांती चालू आहे. बाजारातल्या पिशव्यासुद्धा बायकोच आणते.

१४ जून
पत्र आलं. मुलीनं मोठ्यानं वाचलं. मग थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.
आमच्या दाखल्यावरून त्यांना असं कळलंय की गेली वीस वर्षं माझा हात प्लास्टरमध्ये आहे आणि कायमचा निकामी झालाय. अशा अवस्थेतही मी घर चालवलं, याबद्दल त्यांनी आदर व्यक्त केलाय. आता हाडांच्या डॉक्टरांचा दाखला हवा, आणि मी भिंत प्लास्टर करतानाचा सलग व्हिडिओ.
बायको पदर तोंडात धरून आत गेली. शिवणयंत्र बराच वेळ सुरू झालं नाही.

१५ जून
चूक बाईंची आहे. 'आता उठायचा नाही' इतकं स्पष्ट सांगूनही.
मुकादमानं न वाचता सही करायला नको होती.

२२ जून
हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. मूठ वळायला लावली, मनगट फिरवायला लावलं, खुर्ची उचलायला लावली. मग लिहून दिलं: उजवा हात उत्तम, कोणतंही जड काम करू शकतो. अभिमान वाटला. येताना पिशव्या बायकोच्याच हातात होत्या, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं नसावं.

२३ जून
दाखल्याची एक प्रत बायकोनं स्वयंपाकघरात लावली. उघड्या विटांच्या फटीत खिळा ठोकून.

५ जुलै
बॅग उघडली. व्हिडिओ याच भिंतीचा करायचा, म्हणजे दोन्ही कामं एकदम. मुलीनं फोन धरला. भिंतीवर पाणी मारलं, सिमेंट-वाळूचा माल चढवला, पट्टी फिरवली. नवव्या मिनिटापर्यंत झकास. दहाव्या मिनिटाला अर्धी भिंत माझ्या पायावर आली.
कारणं: वाळू जाड होती. विटा चार वर्षं उघड्या राहून तेलकट झाल्या होत्या. मुलगी फार टक लावून बघत होती.
पहिली नऊ मिनिटं पाठवली. तेवढी सलगच आहेत.

१८ ऑगस्ट
अर्ज नामंजूर. मागच्या सहा महिन्यांतल्या कामाचा पुरावा नाही. व्हिडिओत भिंत पूर्ण झालेली दिसत नाही. हाताबद्दल मात्र त्यांना आता काही शंका नाही.
वाईट वाटलं. खूप वाटलं. वेबसाइट तरी सवयीनं चारदा बघितली.
बायको जेवायला वाढत होती. म्हणाली, "देश राहू दे. मला भिंत हवी होती."

२१ ऑगस्ट
भिंत धरली. दोनदा पडली. तिसऱ्यांदा राहिली. संध्याकाळी ओळंबा लावला. डावीकडे फुगली आहे.
बायकोनं तळहात फिरवून बघितला. डाव्या बाजूला डबे ठेवायची फळी लावून घेऊ म्हणाली.

२२ ऑगस्ट
मुकादमाला भिंतीचा फोटो पाठवला. ठीक म्हणेल असं वाटलं होतं.
त्याचा फोन आला. म्हणाला, "सोमवारपासून ये. पण हात बसेपर्यंत माल कालव."
हो म्हणालो. पाचचा गजर बायकोनं लावलाय.