साहेबरावांची जागा

५ नोव्हेंबर, वाटूर

माझ्या यादीत माझ्याच अक्षरात एक नाव आले आहे. ते मी लिहिलेले नाही. म्हणून आजपासून तारीख टाकून लिहीत आहे.

नोकरी संपली, यजमान गेले. उभा जन्म पुण्यात काढून दहा दिवसांपूर्वी मी दिरांकडे, इंद्रभानभाऊजींकडे, राहायला आले. घराने मला हौसेने सामावून घेतले. पहिल्याच जेवणावर पुतण्या सुग्रीव म्हणाला, "काकू, तुम्ही शिकलेल्या. आम्हाला एकदा समुद्र दाखवा की!" इथे कोणीच तो पाहिलेला नाही. मी झपाट्याने कामाला लागले. हर्णै ते मालवण, खासगी मोटारबोट, तीन दिवस. भरती-ओहोटीच्या वेळा उतरवल्या, मुक्काम ठरवले. जागा सहाच, त्यांची यादी केली: भाऊजी, जाऊ सुगंधाबाई, सुग्रीव, त्याची बायको प्रीती, त्यांची नऊ वर्षांची मोनिका आणि मी.

काल सुगंधाबाईंनी मला देवघरात नेले. प्रवास ठरला की गेलेल्यांच्या चांदीच्या टाकांपुढे सुपारी ठेवून सांगायचे असते. त्यांत एक टाक साहेबरावांचा. भाऊजींचे चुलते, तरुणपणी विहिरीत बुडालेले. मी घाईत म्हणाले, चला, तुम्हीही चला समुद्र बघायला.

सुगंधाबाईंनी तोंडावर हात नेला. "अवो ताई, त्यांना चला म्हणत न्हाईत! घर सांभाळा म्हणायचं असतंय!"

मग ते आधी सांगायला काय झाले होते?

आज यादीत मोनिका नाही. तिच्या जागी साहेबराव.

७ नोव्हेंबर

नाव खोडून मोनिका लिहिले. तासाभरात पुन्हा तेच. सगळ्यांना समोर उभे करून जाब विचारला. सुग्रीव म्हणाला, "काकू, आमचं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय. तुमच्यावानी वळण कोणाला जमतंय?" तो एकटाच हसला.

दुपारी मोनिका शाळेतून आली ती ओलीचिंब. बाहेर कडक ऊन. वेणीत शेवाळ. प्रीती पुसत राहिली, केसांतले पाणी थांबेना.

८ नोव्हेंबर

बोट रद्द करायला फोन केला. बोटवाला म्हणतो, सकाळीच तुमचे साहेबरावकाका बोलले, सहा जण पक्के. मी त्याला झापले. त्याने उलट विचारले, काका पाण्यातून बोलत होते का?

मोनिका जालन्याच्या दवाखान्यात. फुप्फुसात पाणी. डॉक्टर विचारतात, पोरगी कुठे बुडाली होती. कुठेही नाही —

९ नोव्हेंबर

सुगंधाबाईंनी सात वेळा सुपारी ठेवून विनवले, घर सांभाळा. सातही सुपाऱ्या उंबऱ्याबाहेर सापडल्या. ओल्या.

बोलावले मी. चूक माझी. आणि धरले पोरीला! मोठ्या माणसाशी भांडायची हिंमत नाही का —

१० नोव्हेंबर, दुपार

यादी नव्याने लिहिली. मोनिका ठळक. माझे नाव मीच खोडले, तिथे साहेबराव लिहिले. टाकापुढे ठेवून खडसावले, पोरीला सोडा, माझी जागा घ्या.

प्रीतीचा फोन. श्वास मोकळा झाला. भाकर मागून राह्यली म्हणे.

यादीत मोनिकाचे नाव तसेच राहिले. बदलले नाही.

माझ्या पदरातून पाणी — छाती जड —

हवाली केले ते लिहून ठेवते. चष्मा सुगंधाबाईंकडे. कपाटाची किल्ली भाऊजींकडे. साहेबरावांकडे बोटीतली एक जागा, आणि जिने बोलावले ती, मी, दैवशा—